अर्ध्या तासाचं देऊळ

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. नंतर राजवर्धन म्हणाला, सगळ्यांची होती. सितारा म्हणाली, कुणाचीच नव्हती. मुबीन सर तर म्हणाले, अशी एखादी चूक व्हावी म्हणूनच मी तुम्हाला तिकडं नेलं होतं. काही असो. त्या दिवशी म्होरकी मी होते आणि तोंड मी उघडलं होतं.

मी वृषाली, नववी ब. आमचं गाव भवानीनगरपासून सायकलवर वीस मिनिटांवर. आमच्याकडं वाट चुकायची म्हटलं तरी चुकता येत नाही. एका अंगाला कारखान्याचं धुराडं, दुसऱ्या अंगाला कालवा, आणि मधे सगळा ऊस. मुबीन सर आम्हाला भूगोल शिकवतात. एकदा ते वर्गात म्हणाले, "तुम्ही पोरं उसात वाढलात, तुम्हाला क्षितिज माहीतच नाही." आम्ही हसलो. मला तर राग आला होता. क्षितिज काय, परीक्षेत व्याख्या लिहून दोन मार्क घेतले होते मी.

तर हेच सर मे महिन्यात हिमालयात दहा दिवसांची मोहीम नेणार होते. पाठीवर सामान, तंबूत मुक्काम, बर्फ! ज्यांच्या फॉर्मवर पालकांची सही असेल ते जाणार. त्याआधी फेब्रुवारीत तालीम म्हणून तीन दिवस पायी सुप्याचा माळ. तालमीचं ऐकून घरी कुणी हरकत घेतली नाही. हिमालयाचं नाव काढलं आणि आईबाबा दोघांनी आबांकडं बघितलं.

आबा म्हणजे माझे आजोबा, दत्तोबा. पस्तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. एका उन्हाळ्यात सख्ख्या भावानं पाळी नसताना पाणी मागितलं, तर आबांनी कालव्याचं दार उघडलं नाही. धाकले आजोबा दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत. असा माणूस माझा फॉर्म हातात धरून बसला होता.

"हिमालयात जायचंय?" ते म्हणाले. "हितं सुप्याच्या माळावर तीन दिस चालून दाव की आधी. सगळी वाट पायानं. कुठं टेम्पोत बसलीस तर ह्या कागदावर माझी सही न्हाय. अट म्हंजे अट."

"कबूल!" मी ओरडलेच. उड्या मारण्याइतका आनंद झाला होता. तीन दिवस चालणं म्हणजे काय मोठंसं? ऊसतोडीच्या दिवसात शाळेला आम्ही चालतच तर जातो.

आम्ही नऊ जण निघालो. सरांचे नियम भारी होते. मोबाईल सगळे सरांच्या बॅगेत. रोज एक जण म्होरक्या, वाट ठरवणार, थांबायचं कुठं ते सांगणार. सर दोनशे पावलं मागून चालणार आणि काही बोलणार नाहीत. म्होरक्याजवळ एक लाल फडकं. ते काठीला बांधून वर केलं की सर धावत येणार, त्यांच्याकडचं राखीव पाणी मिळणार, आणि राजलक्ष्मी मॅडम जेवणाचा टेम्पो घेऊन तिथं पोचणार. पण मग त्या दिवसाचं चालणं संपलं. सगळ्यांनी टेम्पोत बसायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी आणखी एक गोष्ट दोनदा सांगितली. उन्हात दमलेल्या माणसाला घाम येतो. घाम यायचा बंद झाला, अंग तापलं आणि तो भलतंच बोलायला लागला, तर ते दमणं नव्हे. तिथं एक मिनिट घालवायचं नाही.

तो पहिला दिवस नुसता धमाल गेला. मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे बघितले, चांगले सात. आम्ही कुजबुजायच्या आत ते तीन ढांगांत गायब. मुक्कामाला सुप्यातल्या एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळाला. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून लोंबत होत्या. राजवर्धननं एक माळ गळ्यात घालून भाषण ठोकलं. हा राजवर्धन म्हणजे चाळीस एकर उसाच्या घरचा, वर्गात सगळ्यात उंच आणि जन्माचा चेष्टेखोर. मला तो 'पाटकरीण' म्हणतो. माझ्या अटीचं कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सिताराला सांगितलं आणि त्यानं ऐकलं. मग काय, रात्रभर "टेम्पो आला गं, टेम्पो आला" चाललं होतं.

दुसरा दिवस माझा. सकाळी सातला निघालो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. काय तो माळ! पिवळं कुसळी गवत, मधेच एखादी बोर, आणि बाकी चहूकडं नुसतं आभाळ. ऊस नाही, बांध नाही, विजेची तारसुद्धा नाही. अंगात वारं शिरल्यासारखं झालं. नऊच्या सुमाराला एका उंचवट्यावर चढलो आणि समोर टेकडीवर मुक्कामाचं देऊळ दिसलं. पांढरंशुभ्र, वर झेंडा.

"ते बघा, आलं!" मी म्हणाले.

"किती वेळ?" सितारानं विचारलं. सितारा आमच्यात सगळ्यात बुटकी. तिचे अब्बू जळालेल्या पाण्याच्या मोटारी तारेचे वेढे मोजून भरून देतात आणि तिला कुठलीही गोष्ट मोजून घ्यायची सवय.

"अर्धा तास. फार तर पाऊण."

कुणालाही शंका आली नाही. येणार कशी? आमच्याकडं दिसतं ते जवळच असतं. उसात तर पुढच्या सरीपलीकडचं दिसत नाही. धुराडं लांबून दिसतं, पण त्याच्याकडं आम्ही कधी चालत गेलो नव्हतो, ट्रॉलीत बसून गेलो होतो. देऊळ दिसलं म्हणजे देऊळ आलं, असा आमचा सरळ हिशेब.

आणि मग आम्ही पाणी उधळलं. अर्ध्या तासावर मुक्काम, तिथं टाकी आहे, तर ओझं कशाला वाहायचं? घटाघटा प्यायलो, तोंडं धुतली. राजवर्धननं अख्खी बाटली डोक्यावर ओतली आणि टोपी भिजली म्हणून काखोटीला मारली. मागं दोनशे पावलांवर सर उभे राहून बघत होते. हूं की चूं नाही.

दहा वाजले. देऊळ तेवढंच. साडेदहा वाजले. देऊळ तेवढंच! मधे एक ओढा लागला, तो उतरून चढेपर्यंत देऊळ दिसेनासं झालं, आणि वर आलो तर ते मघापेक्षा लांब गेल्यासारखं वाटलं. मला घाम फुटला, उन्हाचा आणि भीतीचा मिळून.

तिथं मेंढरं चारत भामाबाई नावाची धनगरीण भेटली. मी तिला तावातावानं विचारलं, "आजी, हे देऊळ नक्की किती लांब आहे?"

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "झेंडा दिसतोय नव्हं? झेंडा काय, दोन कोसावरनंबी दिसतोय. देवळाच्या पायऱ्या दिसत्यात का तुला? मोजायला येत्यात का?"

"नाही."

"मग लांब हाय. पायऱ्या मोजाया आल्या का एक पाणी पिऊन निघायचं, दुसरं पाणी देवळात. कालव्याकडची हायसा जणू."

सगळे हसले. मला कान धरून उठाबशा काढाव्याशा वाटल्या. पण खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी मला भलता आनंदही झाला. इतकं मोठं काहीतरी आपल्याला ठाऊकच नव्हतं आणि ते एका वाक्यात कळलं! क्षितिज हे असं असतं तर.

आनंद पाच मिनिटं टिकला. बाटल्या काढून बघितल्या तर नऊ जणांत तीन बाटल्या पाणी. भांडणं जुंपली. कुणी म्हणे, ज्याचं त्यानं प्यावं. कुणी म्हणे, पाटकरीणबाईंनी अर्धा तास सांगितला, त्यांनी तहानलेलं राहावं. फडकं वर केलं असतं तर सरांचं पाणी मिळालं असतं. माझा हात पिशवीकडं गेला आणि फॉर्म डोळ्यांपुढं आला. हात मागं घेतला.

मग पाटकरीण म्हणून हिणवलं त्याचाच मला राग आला आणि रागातच सुचलं. आबा पाळी सुरू झाली की पाणी कधी वरच्या शेतापासून द्यायचे नाहीत. वरच्याला काय, तो कालव्याच्या तोंडाशीच असतो. ते आधी पार शेवटच्या शेताला द्यायचे आणि मग एकेक शेत वर सरकायचे. शेवटचं शेत तहानलेलं राहिलं नाही की मग कुणीच राहत नाही.

"सगळ्या बाटल्या हिकडं द्या!" मी ओरडले. "सगळ्यात मागं कोण पडतं? सितारा. सितारा आता सगळ्यात पुढं. ती चालंल तसं सगळ्यांनी चालायचं. आणि पाणीबी तिला पहिलं. टोपणानं मोजून. सगळ्यात तगडा कोण, त्याला शेवटी."

"म्हंजे मी," राजवर्धन छाती फुगवून म्हणाला.

गंमत सांगू? सितारा पुढं गेली आणि आम्ही पहिल्यापेक्षा लवकर चालायला लागलो. आता कुणाला पळत येऊन गाठायचं नव्हतं, कुणासाठी थांबायचं नव्हतं. तिची पावलं आखूड पण एकसारखी. ती मोजत होती, हजार पावलांना हात वर करायची आणि आम्ही एक टोपण पाणी घ्यायचो. बाराच्या आधी ती एकदम थांबली आणि किंचाळली, "पायऱ्या!"

खरंच पायऱ्या. मी मोजल्या, अठरा. सितारानं मोजल्या, एकोणीस. आम्ही नाचलो! भर उन्हात, कोरड्या घशानं, येड्यासारखे नाचलो. अर्ध्या तासात पोचणार, टेम्पो नाही, फडकं नाही, आबांची सही माझी! मी मनातल्या मनात बर्फाला हात लावून बघितला.

नाचात राजवर्धन नव्हता. तो खाली बसला होता.

"काय रे?"

"पायात गोळा आलाय. चल, काय न्हाय." मग त्यानं माझ्या पिशवीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "वृषे, फडकं काढू नगंस हां. तुझा फॉर्म जाईल."

रात्रभर टेम्पोवरून चिडवणारा हाच तो. मी त्याला हात देऊन उठवला. आम्ही निघालो. शंभर पावलं चाललो असू, तेवढ्यात तो म्हणाला, "आपली ट्रॉली कुठं लावली? कारखान्यावर नंबर लागलाय आपला." सगळे खदखदून हसले. तो नेहमीच असं काहीतरी बोलतो. मीही हसले. मग तो सिताराला 'आक्का' म्हणाला. त्याची आक्का सांगलीला दिली आहे. आणि तो स्वतः हसत नव्हता.

मी त्याच्या मानेला हात लावला. तव्यासारखी तापलेली, आणि कोरडी ठाक. शेवटचं टोपण त्याचं होतं ना, ते तो दर वेळी "मला नको" म्हणून दुसऱ्याला देत होता. हे मला आत्ता कळत होतं. म्होरकी मी आणि हे मी बघितलंच नव्हतं.

समोर पायऱ्या दिसत होत्या. अर्धा तास. दोघांनी धरून नेला तर पोचेल, असं माझं मन म्हणत होतं. माझं मन सकाळीही अर्धा तास म्हणालं होतं.

मी फडकं काढलं. काठीला बांधताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सही जाणार म्हणून रडत होते, उगाच दुसरं कारण कशाला सांगू. फडकं वर केलं आणि इतक्या जोरात हलवलं की काठी मोडली.

सर असे पळत आले की भूगोलाचे सर इतके पळू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी त्याला बोरीच्या सावलीत आडवा केला, शर्ट काढला, राखीव पाणी अंगावर ओतलं, आम्हाला टोप्यांनी वारा घालायला लावला. टेम्पो गवत तुडवत आला. सगळे चढले. मीही चढले. टेम्पो वळला तेव्हा देऊळ मागच्या बाजूला लहान होत गेलं.

सुप्याला दवाखान्यात राजवर्धनला सलाईन लागलं. चार वाजता तो डोळे उघडून "भूक लागली" म्हणाला आणि मॅडम रडल्या. त्याचे आईवडील येऊन त्याला घरी घेऊन गेले. सर माझ्याशेजारी बाकावर बसले. "मीही येतच होतो," ते म्हणाले. "तुमची चाल बिघडलेली दिसली होती. पण मला अजून पाच मिनिटं लागली असती. डॉक्टर म्हणाले, ती पाच मिनिटं वाचली ते फार बरं झालं."

"सर, उद्या सकाळी आम्हाला फडकं वर केलं तिथंच सोडा," मी म्हणाले. "तिथून देवळापर्यंत मला चालायचंय."

सर हसले. सगळ्यांना विचारलं तर सगळ्यांनीच हात वर केले.

सकाळी टेम्पोनं आम्हाला बोरीपाशी सोडलं. मोडकी काठी तिथंच पडली होती. गार वारा, भरलेल्या बाटल्या, पुढं सितारा. तरी पहिल्या पायरीला पाय लावला तेव्हा सितारानं घड्याळात बघून सांगितलं, बावन्न मिनिटं. भर दुपारी, राजवर्धनला धरून, दीड तास लागला असता. मी पायरीवर बसलेच.

"आगं किती येळ लावला!" वरून आवाज आला. "मघाधरनं बघतोय, आत्ता येतील, आत्ता येतील. मला वाटलं मागं मागं चालताय का काय!"

वर आबा उभे होते. धोतर, टोपी, हातात काठी. पलीकडच्या कऱ्हाटीच्या रस्त्यानं बाबांच्या मोटारसायकलवर बसून आले होते. बाबा चावी फिरवत त्यांच्या मागं उभे. सगळे हसले, मी नाही हसले. मला न्यायला आले होते, दुसरं काय?

मी वर गेले आणि सरळ सांगून टाकलं, "आबा, काल मी टेम्पोत बसले."

"ठावं हाय."

"अट मोडली."

"मोडली. त्या पोराच्या आईचा फोन आल्ता. पहाटं पाचला. बाईला बोलताच येईना. मला वाटलं तुलाच काय झालं." ते काठीवर रेलले. "मग म्हणाली, आबा, आमच्या राजूनं सगळं सांगितलं. पोरीला ठावं व्हतं सही जाणार म्हून, तरी तिनं फडकं वर केलं." आबा सरळ उभे राहिले. "फारम कुठाय तुझा?"

"काय?"

"फारम, फारम! त्याच्यासाठी आलोय एवढ्या लांब. अट म्याच चुकीची घातली व्हती."

आबा चुकले असं आबांच्या तोंडून आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. बाबांच्या हातातली चावी फिरायची थांबली. मी पिशवीतून फॉर्म काढला, सरांनी पेन दिलं, आणि आबांनी देवळाच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून. मी त्यांच्या गळ्यातच पडले. मग फॉर्म नाचवत सातही जणांभोवती दोन फेऱ्या मारल्या, सितारानं माझा हात ओढून ओढून दुखवला, आणि मी राजवर्धनला लावायला सरांकडं एक मिनिट फोन मागितला.

"राजा, सही झाली!" मी ओरडले. "आबांनी केली! जायचं आपण!"

पलीकडून बारीक आवाज आला, "तू जा. आईनं माझा फॉर्म फाडला सकाळी. म्हणते, माळावर असं झालं तर हिमालयात काय हुईल."

माझा चेहरा बघून आबांनी हात पुढं केला. "काय झालं? दे हिकडं." त्यांनी फोन घेतला, राजवर्धनचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईला दे."

पस्तीस वर्षं कुणासाठी शब्द न टाकलेला माझा आजोबा फोन दोन्ही हातांनी धरून, उन्हात डोळे बारीक करून बोलत होता. "ताई, मी दत्तोबा. न्हाय, न्हाय, तुमचं बराबर हाय, तुमी आई हायसा. मलाबी तसंच वाटत व्हतं. पर जाऊ द्या त्याला. त्याच्याकडं बघाया माझी नात हाय संगं."